‘लागत न्हाई’ असं लिहून द्या

म्हंकूआण्णांचा आपल्यावर फार जीव आहे, असं आमच्या जिन्यावरचा बाळू टेलर बरेच दिवस समजत होता.

इस्लामपुरात मी ज्या एक्स-रे सेंटरमध्ये कामाला होते ते पहिल्या मजल्यावर होतं. खाली औषधांचं दुकान, जिन्याच्या वळणावर बाळूचं शिलाई मशीन आणि वर आम्ही. अठरा पायऱ्या. आण्णा सहा पायऱ्या चढले की कठड्यावर हात ठेवून थांबायचे.

"बाळू, बरं हाय न्हवं?"

बाळू बरं आहे म्हणायचा. आण्णा तिथंच उभे. "म्हातारीचं गुडघं?" मग बाळू आईच्या गुडघ्यांची सगळी कहाणी सांगायचा. ती संपली की आणखी सहा पायऱ्या, आणि वरून खाली वाकून, "आन् पोरगं कितवीला रं?" इतकी चौकशी माझ्या सख्ख्या चुलत्यानं कधी केली नाही, असं बाळू मला कौतुकानं सांगायचा. आण्णा दम घेत आहेत हे मला दिसत होतं. विचारायचं एका श्वासात बसेल एवढंच, आणि उत्तर मात्र लांबलचक आलं पाहिजे, ही त्यांची युक्ती होती. दम लागलाय हे लोकांना दाखवायचं नाही, एवढ्यासाठी त्यांनी निम्म्या इस्लामपूरची खुशाली विचारली असेल.

म्हंकूआण्णा मूळचे म्हसवडकडचे. मेंढरं राखणारं घर. तरुणपणी दुष्काळात मेंढरं विकली गेली आणि हे कामासाठी इकडं कारखान्यांच्या मुलखात उतरले ते इथलेच झाले. गावाबाहेर एका वस्तीवर मुलानं घर बांधलं होतं. बायको सुंदराबाई, मुलगा, सून. उंच, सडसडीत, हाताची बोटं लांब आणि टोकांना गोलसर फुगलेली. डोक्याला तांबडा फेटा. तो फेटा पहिल्या दिवशीच आमच्यात भांडणाचं कारण झाला.

डॉक्टरांनी त्यांना "छातीचा फोटो काढून आणा" म्हणून पाठवलं होतं. आण्णा फोटोसाठी दाढी करून, धुतलेला सदरा घालून, फेटा नीट बांधून आले होते. मी म्हटलं, "सदरा काढा." त्यांनी काढला. "फेटाही काढून ठेवा, शेमला मध्ये येतोय."

"फेटा न्हाई काढायचा. फोटूत बोडका मानूस बरा दिसतोय व्हय?"

मी सांगितलं की ह्या फोटोत तोंड येत नाही, फक्त आतलं दिसतं. त्यांनी जरा विचार केला, शेमला वर खोचला आणि म्हणाले, "मग आतलं तरी बरं येऊ द्या."

मी त्यांना प्लेटला छाती टेकवून उभं केलं. "श्वास घ्या. आता धरून ठेवा."

"धराय आदी घावाय पायजे की, बाई."

पुढं दर सहा महिन्यांनी ते येत राहिले. ते बाकावर बसत नसत. बाक रिकामा असला तरी दाराजवळ भिंतीला टेकून उभे राहायचे, तोंडावर टॉवेलचं टोक. पाणी दिलं तर आमचा पेला घ्यायचे नाहीत. पिशवीत स्वतःचा पेला असायचा, त्यात मी वरून पाणी ओतायचं. त्यांना टीबी झाला आहे असं कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं, औषधाचा कोर्स झाला, खोकला तसाच राहिला. मग दुसऱ्या गावच्या दुसऱ्या डॉक्टरनं पुन्हा कोर्स दिला. मग तिसरा. थुंकीच्या तपासणीत कधीच काही निघालं नाही, पण फोटोत काहीतरी दिसायचं, खोकला थांबत नव्हता आणि वजन उतरत होतं. मी एकदा समजावलं, "आण्णा, औषध नीट घेतल्यावर टीबीसुद्धा कुणाला लागत नसतो. बसा बाकावर." त्यांनी मान डोलावली. "तुमी म्हंता खरं. पर आसं कुटं लिवल्यालं न्हाई न्हवं." आणि उभेच राहिले.

घरीही तसंच चालायचं. गोठ्यापलीकडं पत्र्याची एक खोली होती, तिथं त्यांनी आपलं अंथरूण नेलं होतं. त्यांना कुणी घालवलं नव्हतं. उलट मुलगा आणि सून दोघंही भांडले होते. पण आण्णांनी ऐकलं नाही. वस्तीवरचे लोक चहाला बोलवायचे बंद झाले आणि ह्यांनी स्वतःच जाणं सोडलं, त्यातलं आधी काय झालं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग नात झाली. आरोही. एक दिवस सुंदराबाई औषधं न्यायला आल्या होत्या, तेव्हा माझ्याजवळ बसून त्यांनी सांगितलं. आण्णा अंगणाच्या त्या टोकाला बसून कोकरासारखा आवाज काढायचे आणि पोरगी ह्या टोकाला खदखदून हसायची. रोजचा खेळ. एकदा सून आत होती आणि पोरगी रांगायला शिकलेली. ती आवाजाच्या दिशेनं निघाली.

"आन् ह्ये मागं सरत्यात," सुंदराबाई म्हणाल्या. "ती पुढं, ह्ये मागं. पार भितीला टेकलं. मग वराडलं, उचला की रं हिला कुनीतरी! वराडल्यावर जी उबळ आली ती थांबंना. पोरीनं भिऊन भोकाड पसारलं. त्या दिसापासनं कोकरू बंद केलं बगा."

त्या वर्षी आमच्याकडं दर गुरुवारी मिरजेहून नवे छातीचे डॉक्टर यायला लागले. नदाफ डॉक्टर. वय पस्तिशीचं, बोलणं हळू. त्यांची एक सवय मला पहिल्याच आठवड्यात दिसली. पेशंट आत आला की बाकीचे डॉक्टर विचारतात, काय होतंय? हे विचारायचे, काम काय करता? म्हातारा माणूस असला तर, काय काय कामं केलीत आयुष्यात? लोक गोंधळायचे. मीही एकदा विचारलं, तर म्हणाले, "आमचे आजोबा पिंजारी. उभा जन्म गाद्यांचा कापूस पिंजला आणि उभा जन्म खोकत राहिले. त्यांना कुणीच विचारलं नाही."

म्हंकूआण्णा आत गेले तेव्हा मी फिल्म द्यायला टेबलाशीच होते.

"काय काम केलंत आण्णा?"

"लागिंगचं."

"म्हणजे?"

आण्णांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांच्या कामाबद्दल कुणी विचारल्याला बरीच वर्षं झाली असावीत. अर्ध्या अर्ध्या वाक्यावर थांबत ते सांगू लागले. "कारखान्यात वाफंच्या नळ्या असत्यात न्हवं, मोट्ट्या. त्यास्नी कापाड गुंडाळायचं, वाफ निवू ने म्हून. गाळप संपलं की जुनं फोडायचं, नवं चढवायचं. ठेकेदाराची टोळी हुती आमची, नऊ जनांची. ह्या दोन जिल्ह्यांत फिरलो, खाली कर्नाटकात बी गेलो. वीस-बावीस वर्सं."

"कापड कसलं?"

"पांढरं. दोरी बी असायची, पावडर बी. पावडर पान्यात कालवून लिपायची, भित लिपल्यागत. दगडाचा कापूस म्हनायचो आमी. जळत न्हाई, कुजत न्हाई. लय भारी माल! माजा हात बसला हुता त्यात. ल्हानपनी लोकर वळल्याली, तवा दोरी कशी वळंल ते हाताला ठावं."

"आणि जुनं फोडताना धुरळा उडायचा?"

आण्णा हसले. "म्होरचा मानूस दिसायचा न्हाई, साएब. कवडसा पडला की नुसती चमचम. दुपारी त्येच्याच ढिगाव झोपायचो. गादीवानी मऊ."

नदाफ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जुने फोटो आहेत का?"

होते. आण्णांनी एकही फेकला नव्हता. पिशवीतून तपकिरी पाकिटांचा गठ्ठा निघाला. मी एकेक फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. नऊ वर्षांच्या फिल्म, सगळ्या मीच काढलेल्या. प्रत्येकीत फुप्फुसांच्या तळाशी जाळी, आणि छाती-पोटामधल्या पडद्यावर खडूनं ओढल्यासारखी एक पांढरी रेघ. ती रेघ मला पाठ होती. रिपोर्टात ‘जुन्या क्षयाचे व्रण’ असं दर वेळी मीच टाइप केलं होतं. नऊ वर्षं मी ह्या माणसाला श्वास धरा, श्वास सोडा एवढंच म्हणत आले होते. त्या पेटीसमोर उभी असताना मला आण्णांकडं बघवेना.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पाठीला लावला, बोटांची टोकं दाबून बघितली. "ॲस्बेस्टॉस," ते मला म्हणाले. मग आण्णांना म्हणाले, "मला वाटतंय हा टीबी नाहीच. पण एका ठिकाणी जाड दिसतंय. सांगलीला मोठा स्कॅन करू, आणि तिथला तुकडाही तपासू. त्यातून काही वाईट निघायला नको, एवढं बघायचं."

"वाईट म्हंजी कॅन्सर?"

"हो."

आण्णा म्हणाले, "बगा मग." जणू दुसऱ्या कुणाचं बघायचं होतं.

सांगलीला स्कॅन झाला, पाठीत सुई घालून तुकडा काढला, आणि रिपोर्टला आठ दिवस लागतील असं सांगितलं. ते आठ दिवस कसे गेले ते मला त्यांच्या मुलाकडून कळलं. आण्णांनी गोठ्यातली झाडून सगळी दावी नवीन वळून काढली. दोन म्हशींना आणि एका रेडकाला पुरून उरतील एवढी. मुलगा म्हणाला, "आण्णा, एवढी कशाला?" तर म्हणाले, "असूं द्या. मागनं कुनाला वळत बसावं लागू ने."

रिपोर्ट आला त्या गुरुवारी चौघंही आले. आण्णा, सुंदराबाई, मुलगा आणि आरोहीला कडेवर घेतलेली सून. सून पोरीला घेऊन जिन्यात, बाळूच्या मशीनपाशी थांबली. त्या दिवशी आण्णांनी बाळूला काही विचारलं नाही. सहा पायऱ्यांवर नुसते थांबले. बाळू मशीन सोडून उठला आणि हात धरून त्यांना वर घेऊन आला.

डॉक्टरांनी कागद वाचला. "आण्णा, कॅन्सर नाही."

सुंदराबाईंनी हात जोडले, नेमके कुणाला ते त्यांनाही कळलं नसावं. मुलगा खुर्चीत बसला. आण्णा उभेच.

"टीबीही नाही. कधी नव्हता. तुम्ही ज्याला दगडाचा कापूस म्हणता, त्याचे बारीक धागे छातीत जाऊन बसलेत. ते निघत नाहीत. फुप्फुसं घट्ट झालीत, ती पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत. हे मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण तुमचे नऊ वर्षांचे फोटो मी बघितलेत, दुखणं फार हळू चाललंय. खिशातली विडी आज सोडा. वर्षातून एकदा तपासणी चुकवू नका. श्वासाचे व्यायाम शिकवतो ते रोज करा. पुष्कळ दिवस काढाल."

आण्णांनी टॉवेल तोंडावरून जरा खाली घेतला. "आन् ह्ये लागतंय का कुनाला?"

"नाही."

"म्हंजी... ल्हान पोरास्नी?"

"कुणालाच नाही. हे कामाचं दुखणं आहे, आण्णा. माणसाचं माणसाला लागत नाही. नातीला मांडीवर घ्या, तिच्या ताटात जेवा."

खाली आरोही कशावर तरी हसली, ते वर ऐकू आलं. आण्णांनी टॉवेलची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि आमच्या त्या बाकावर, जिथं ते नऊ वर्षांत कधी बसले नव्हते, तिथं जाऊन बसले. मग म्हणाले, "साएब, येक काम करा. ‘लागत न्हाई’ आसं लिवून द्या. मराटीत. खाली शिक्का मारा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी छापील कागद घेतला आणि ठळक अक्षरात लिहिलं: म्हंकू यांना झालेला आजार कामाच्या ठिकाणच्या धुळीमुळे झालेला असून तो कोणालाही लागत नाही. सही केली. शिक्का माझ्या टेबलावर होता, तो मी मारला. जरा जोरातच मारला.

खाली उतरताना आण्णांनी खिशातला विड्यांचा कट्टा काढून बाळूच्या मशीनवर ठेवला. बाळू खूश झाला. दोन पायऱ्या उतरून आण्णा परत वर आले, कट्टा उचलला आणि रस्त्यावरच्या गटारात फेकला. "तुला बी नगं," म्हणाले. मग सुनेपुढं दोन्ही हात केले. तिनं पोरगी दिली. आरोहीनं पहिल्यांदा फेट्याला हात घातला आणि तो पार सोडवून टाकला. माणूस बोडक्यानं भर बाजारात उभा होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तो कागद त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला आणि वस्तीवर घरोघर वाचायला दिला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मुलाकडून वाचून दाखवला. प्रत्येक घरी चहा घेतला. "सतरा कप झालं," सुंदराबाई सांगत होत्या, "रातभर टक्क जागं!"

पण गोष्ट इथंच थांबली नाही. जाता जाता नदाफ डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता. "कामाचे कपडे कोण धुवायचं?"

आण्णांनी त्या वेळी नुसतं सुंदराबाईंकडं बघितलं. पुढच्या गुरुवारी सकाळी सेंटर उघडायच्या आधीच ते दोघं जिन्यावर बसले होते. आण्णांचा चेहरा स्वतःच्या रिपोर्टच्या दिवशी नव्हता एवढा उतरलेला. "वीस वर्सं हिनं माजी कापडं झटाकली," ते मला म्हणाले. "दारात हुबी ऱ्हाऊन झटाकायची. म्या म्हनायचो, जोरात झटाक, खाज सुटतीया. तापल्यालं भांडं उतराय त्येच कापाड आनून दिल्यालं म्या हिला. चांगलं टिकतंय म्हून."

सुंदराबाई त्यांनाच ओरडल्या. "आवं, मला काय धाड भरलीय? उगंच आपलं!"

मी त्यांना उभं केलं. श्वास घ्या म्हटलं, त्यांनी छाती भरून घेतला. धरा म्हटलं, धरला. फिल्म हातात आली तेव्हा मी डॉक्टरांची वाट न बघता ती खिडकीशी धरली. वरपासून खालपर्यंत स्वच्छ. कुठं जाळी नाही, रेघ नाही. असं बोलायची मला परवानगी नसते, तरी मी दार उघडून म्हटलं, "आण्णा, मला तर काही दिसत नाही."

नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं. छाती स्वच्छ आहे, तरी अधूनमधून दाखवत राहा. आण्णा हसायला लागले, हसताना खोकला आला, खोकताना पुन्हा हसू आलं. सुंदराबाई पाठ चोळत म्हणत होत्या, "गप ऱ्हावा की आता, मरशीला हसून!" डोळ्यांतून पाणी येत होतं दोघांच्याही. कॅन्सर नाही हे ऐकून हा माणूस नुसता बाकावर जाऊन बसला होता. आज त्याला उभंही राहवेना.

त्यानंतर आण्णांनी टोळीतल्या माणसांचा शोध सुरू केला. नवांतले आण्णा धरून चार उरले होते. एकेका गुरुवारी एकेकाला घेऊन ते जिना चढायचे. दोघांच्या छातीत काही निघालं नाही. दगडू नावाच्या सोबत्याच्या फिल्मवर मात्र तीच पांढरी रेघ होती. दगडू रडायला लागला. आण्णा त्याच्या शेजारी बसले. "रडतूयास काय गड्या? म्या बी त्येच घिऊन फिरतूय की. आन् ह्ये बग, लागत न्हाई कुनाला." आणि पिशवीतून तो कागद काढला.

मी एकदा विचारलं, ठेकेदाराचा राग येत नाही का?

"त्यो बी आमच्यासंगच त्या ढिगाव बसून जेवायचा," आण्णा म्हणाले. "त्यो बी खोकूनच गेला. त्येला कुनी सांगितलं असंल व्हय? आता ठावं असून जे सांगत न्हाईत, त्येंचा राग येतो."

एवढं बोलून ते थांबणारे नव्हते. पुढच्या बंद हंगामात एका कारखान्यावर जुनं लॅगिंग फोडायचं काम निघाल्याचं त्यांना कळलं. मुलाच्या मोटरसायकलवर बसून गेले. पोरं हातोडीनं फोडत होती, तोंडाला साधा रुमालही नाही. आण्णा सांगू लागले तर पोरं हसली. मग ते लोखंडी शिडीपाशी गेले आणि म्हणाले, "ह्येच्या पाच पायऱ्या चढून दावतो. मोजा." तिसरीवर त्यांचे ओठ निळे पडले. मुलानं उतरवून घेतलं. पोरांचं हसू थांबलं. त्यांच्यातला मुकादम पुढं आला आणि म्हणाला, "सांगा आण्णा, काय करायचं?" त्या दिवशी काम बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी धुरळा बसवायला पाण्याची नळी आली, दोन दिवसांनी तोंडाला लावायचे चांगले मास्कही आले. हे मला त्या मुकादमानंच सांगितलं. तो आपल्या सगळ्या पोरांना घेऊन फोटो काढायला आला होता.

मी आता साताऱ्याला नोकरी करते. आण्णांचा अधूनमधून फोन येतो. घरी ऑक्सिजनचं मशीन आलंय, सकाळ-संध्याकाळ लावतात. खोली बदलली. ते आता घरात, मधल्या सोप्यात झोपतात.

मी इस्लामपूर सोडायच्या आधी आरोहीचं जावळ झालं, म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात. आजोबा जवळ येईनात म्हणून ते रखडलं होतं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मामाच्या मांडीवर बसून पोरीनं आभाळ डोक्यावर घेतलं, केस उतरले, जेवणं झाली. एसटीची वेळ झाली म्हणून निरोप घ्यायला मी आण्णांना शोधत बाहेर आले.

ते लिंबाच्या सावलीत एका ओट्याला टेकून बसल्या बसल्या झोपले होते. तुळतुळीत डोक्याची आरोही त्यांच्या छातीवर पालथी पडून झोपली होती. सुंदराबाई पदरानं वारा घालत होत्या. आण्णांचा श्वास उथळ आणि भराभर चालला होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ती पोरगी जराशी वर उचलली जाऊन खाली येत होती.

मी हळूच म्हटलं, "छातीवर ओझं होईल, हिला घेऊ का?"

सुंदराबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवून मला जायला सांगितलं.